चार सुतांची खाच

हजिऱ्यात, बंद गिरणीच्या भिंतीला लागून
इद्रीसमियाँचं भंगार पसरलेलं असतं.
मे महिन्यात सकाळी आठलासुद्धा त्याला हात लावू नये.
मी चपलेच्या टोकानं एकेक तुकडा उलटते.
तो काट्यापाशी बसून म्हणतो,
"पांचाळजी की बेटी है, जल्दी नहीं उठेगी."

मला हवंय दोन मुठींएवढं पोलाद.
साच्याचा एक भाग वरचा, एक खालचा,
दोघांच्या पोटात अर्धी अर्धी खाच,
मिटले की मधे चार सुतांचा गज बसेल अशी.
डबीर बाईंच्या जिन्याला चाळीस गज लागतात,
प्रत्येकाचं टोक गोल हवं,
आणि नुसत्या हातोड्यानं होतं ते गोल
लिंबासारखं असतं, नाण्यासारखं नाही.

मोडकी कानस आहे. नको.
आप्पा म्हणायचे, हिला राग पटकन येतो.
बेअरिंगची कडी दिसायला छान,
मागे एक तापवून ठोकली, पाण्यात घातली,
रात्री फडताळात आपसूक तडकली,
आई म्हणाली, उंदीर असेल.
स्लॅबची सळई तर नकोच,
तिच्यात कुणाकुणाचं काय वितळलंय
ते तिला तरी कुठे ठाऊक!
ट्रकच्या कमानीचा पाटा चांगला, पण पातळ.
त्याला चिमट्यासारखा वाकवून मूठ करता येईल.
तो बाजूला ठेवला.

मग तळाशी हा:
बाड्यावरून मुरारला जाणाऱ्या कुठल्या टेंपोचा
तुटका एक्सल, वीतभर,
अजून ग्रीसचा वास.

"ग्राइंडर लावा," म्हटलं.
ठिणग्या मला बाराखडीच्या आधी वाचता यायच्या.
मऊ लोखंडाच्या लांब जातात, सरळ, बोलत नाहीत.
कानशीच्या चाकापाशीच फुटतात, फुलबाजीसारख्या.
याच्या थोडं अंतर गेल्या,
मग एकीला दोन फाटे, एकीला तीन.
मधलं.
मला मधलंच हवं होतं.

आप्पांच्या डाव्या मनगटात एक कपची होती.
कडक साचा, कडक हातोडा,
एक घाव तिरपा पडला,
आणि हात तोंडाआड आला म्हणून डोळा राहिला.
डॉक्टर म्हणाले, असू दे आत.
आम्ही फुटक्या स्पीकरमधला चुंबक मनगटावरून फिरवायचो,
एका जागी कातडी हलकेच वर यायची,
आणि आप्पा दर वेळी खोटंच ओरडायचे.

म्हणून याला पाणी देणार नाही.
घडवून झाला की राखेत पुरीन,
रात्रभर, त्याच्या वेळेनं निवू दे.
परवा वेल्डर महेंदर हसला,
बिनपाण्याचं हत्यार कसलं, ताई?
अरे, लालभडक गज दिवसभर ह्याच्या तोंडात,
दिलेलं पाणी दुपारच्या चहाआधी उतरेल.
उतरणारच आहे ते
द्यायचं कुणाला दाखवायला?
आणि माथा तर मऊच हवा,
घाव बसला की पसरावा, उडू नये.
पसरलेला माथा घासून टाकता येतो.

लक्ष्मीगंजला तिसऱ्या दिवशी अस्थी वेचताना
चुंबक माझ्या पर्समध्ये होता.
काढला नाही.

इद्रीसमियाँनी काट्यावर टाकलं, दोन किलो आठशे.
पाट्याचे पैसे घेतले नाहीत,
"उनके भी नहीं लेता था," म्हणाला, आणि ते खोटं होतं,
आप्पांची वही माझ्याकडे आहे.

आता खाच पडलीय.
ओठ घासून मोकळे केले,
नाहीतर गजाला पापुद्रे सुटतात.
पहिला गज ठोकला, फिरवला, ठोकला, फिरवला.
नाणं नाही अजून.
लिंबूही नाही म्हणा.
आणखी एकोणचाळीस आहेत.